‘दादा, यावर जीटीए चालेल का?’ : गेमच्या वेगाची तुलना करणाऱ्या वेबसाइटचा आराखडा

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शटर वर गेलं की तासाभरात ‘यावर जीटीए हा गेम चालेल का?’ हा प्रश्न येतोच. विचारणारा दहावी-बारावीतला असतो, हातात थोरल्या भावाचा जुना लॅपटॉप असतो आणि मागे वडील उभे असतात. प्रश्न पोराचा, पैसे वडिलांचे. पंधरा वर्षं मी मशीन जोडतोय, तरी या प्रश्नाला बरीच वर्षं अंदाजानंच उत्तर देत आलो.

गेल्या पावसाळ्यात एक बस ड्रायव्हर मुलाला घेऊन आले. नवा लॅपटॉप होता, आरटीएक्स ४०६० या ग्राफिक्स कार्डाचा (गेमचं चित्र काढणारा भाग), हप्त्यावर घेतलेला. मुलानं आधी त्याच कार्डाचे आकडे कुठेतरी पाहून ठेवले होते आणि घरी आल्यावर त्याच्या जवळपासही वेग मिळेना. मी एनव्हीडिया कंट्रोल पॅनलमधलं सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं. या लॅपटॉपमध्ये कार्डाला कमाल ५५ वॅट मिळत होते. मुलानं पाहिलेले आकडे ११५ वॅटच्या लॅपटॉपचे होते. एनव्हीडियाच या एका नावाखाली ३५ ते ११५ वॅटपर्यंतची मोकळीक लॅपटॉप बनवणाऱ्यांना देते. दोन्ही आकडे खरे होते, पण वॅट कुठेच लिहिलेले नव्हते. वडिलांनी मला विचारलं, “मग आम्ही काय बघून घ्यायचं होतं?” त्या वेळी माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

त्या आठवड्यापासून मी एका वेबसाइटचा आराखडा करायला घेतला. लोकांच्या घरातल्या खऱ्या मशीनवर कोणता गेम किती वेगानं चालतो, ते शेजारी-शेजारी ठेवून दाखवणारी वेबसाइट. चार आराखडे टाकून दिले, पाचवा टिकला. तुम्हाला असं काही उभं करायचं असेल तर कोणत्या क्रमानं जावं आणि कुठे जास्त वेळ द्यावा, ते इथे लिहितो.

आधी नोंद ठरवा

बहुतेक जण आधी पानं काढायला बसतात. वर शोधायची चौकट, खाली रंगीत पट्ट्या. मीही पहिल्या तीन आराखड्यांत तेच केलं. पण पट्टी कशाची आहे हे ठरलेलं नसेल तर पान कितीही देखणं असो, त्या ड्रायव्हरसारख्या माणसाची त्यात पुन्हा फसगतच होणार.

माझे वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी होते. पहिली गोण काट्यावर चढायच्या आधी ते धडा करून (काटा समतोल करून) घ्यायचे आणि बारदानाचं वजन वेगळं मांडायचे. त्यांच्या चिठ्ठीवर नुसता आकडा कधी नसायचा. कुणाचा माल, किती गोणी, कोणता काटा, कधीचं वजन हे सगळं असायचं. वजनावरून वाद झाला तर तो या बाकीच्या गोष्टींवरच मिटायचा.

एफपीएसचं, म्हणजे गेम सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) काढतो त्या आकड्याचंही तसंच आहे. ‘७२’ ही नोंद नव्हे. कोणत्या मशीनवर, कोणत्या गेमच्या कोणत्या आवृत्तीत, कोणत्या सेटिंगवर, कशा परिस्थितीत ७२, हे सोबत असेल तरच ती नोंद. म्हणून कागद घ्या आणि एका नोंदीत काय काय हवं ते लिहून काढा. माझ्या यादीतल्या ज्या रकान्यांशिवाय तुलना करूच नये, ते सांगतो.

पहिलं ग्राफिक्स कार्ड. नुसतं नाव घेऊन भागत नाही. जीटी १०३० या एकाच नावाखाली दोन कार्डं विकली गेली. एकात जीडीडीआर५ मेमरी, सेकंदाला ४८ जीबी वाहून नेणारी. दुसऱ्यात डीडीआर४, साधारण १७ जीबीची. खोक्यावरचं मोठं नाव तेच, गेममध्ये मात्र जमीन-अस्मानाचा फरक. आरटीएक्स ३०६०चं डेस्कटॉप कार्ड १२ जीबी मेमरी घेऊन आलं, त्याच नावाचं लॅपटॉपमधलं ६ जीबी. तेव्हा कार्डाच्या नावासोबत मेमरी किती, कोणत्या जातीची, डेस्कटॉप की लॅपटॉप, आणि लॅपटॉप असेल तर कमाल वॅट किती, हे चार रकाने सक्तीचे ठेवा. मेमरीची जात जीपीयू-झेड या छोट्या प्रोग्रॅममध्ये दिसते.

दुसरी रॅम, आणि इथे मी जास्त आग्रही आहे. आपल्याकडे येणाऱ्या स्वस्त लॅपटॉपमध्ये पुष्कळदा एकच रॅमची पट्टी असते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅममधून काम भागवतं. एका पट्टीच्या दोन केल्या की डेटा यायचा रस्ता दुप्पट रुंद होतो, आणि अशा मशीनवर गेमचा वेग डोळ्यांना दिसेल इतका वाढतो. ८ जीबीची एक पट्टी आणि ४ जीबीच्या दोन पट्ट्या यांची बेरीज सारखी असली तरी नोंदी वेगळ्याच धरा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती खाचा भरल्या आहेत ते दिसतं. फॉर्ममध्ये तेच विचारा, कारण ‘ड्युअल चॅनल (दोन पट्ट्या जोडीनं) आहे का’ या प्रश्नावर निम्मे लोक अंदाजानं हो म्हणतात.

तिसरी वीज. लॅपटॉप चार्जरवर होता की बॅटरीवर? बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप आपण होऊन वेग उतरवतात. चार्जर मूळचा होता की कमी वॅटचा बदली? आणि विंडोजचा किंवा कंपनीचा परफॉर्मन्स मोड कोणता होता?

चौथं, स्क्रीनची केबल कुठे खोचली आहे. हे वाचून विचित्र वाटेल, पण महागडं कार्ड बसवून केबल मदरबोर्डच्या खाचेत लावलेली मशीनं माझ्याकडे दर महिन्याला येतात. अशा नोंदी आत शिरल्या तर चांगल्या कार्डाचं नाव उगाच खराब होतं.

बाकी प्रोसेसर, विंडोजची आवृत्ती, ग्राफिक्स ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) क्रमांक आणि तारीख. एसएसडी की हार्डडिस्क तेही विचारा. खोलीचं तापमान मात्र ऐच्छिक ठेवा. घरोघरी थर्मामीटर नसतो. त्याऐवजी ‘एसी, पंखा की काहीच नाही’ आणि महिना एवढं विचारलं तरी बरंच कळतं. मे महिन्यात दुपारी पत्र्याखालच्या माळ्यावर चालवलेला लॅपटॉप आणि जानेवारीत सकाळी चालवलेला तोच लॅपटॉप, यांचे आकडे एकाच रांगेत बसवणं त्या मशीनवर अन्याय आहे.

मोजायचं काय

सरासरी एफपीएस सगळे सांगतात. तो आकडा ठेवाच, पण एकटा ठेवू नका. आणि तो काढताना काळजी घ्या, कारण चुकीच्या पद्धतीनं काढलेली सरासरी मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे.

समजा एक सेकंद गेम ३० एफपीएसनं चालला आणि पुढचा सेकंद ९०नं. दोन सेकंदांत १२० फ्रेम झाल्या, सरासरी ६०. आता कुणी प्रत्येक फ्रेमचा एफपीएस काढून त्या सगळ्यांची सरासरी घेतली, तर ३० फ्रेम ३०च्या आणि ९० फ्रेम ९०च्या, बेरीज ९,०००, भागिले १२०, म्हणजे ७५. तीच फेरी (मोजणीसाठी गेम एकदा चालवणं), आकडा १५नं फुगलेला. नियम साधा आहे: एकूण फ्रेम भागिले एकूण वेळ.

खरी मोजायची गोष्ट म्हणजे एकेका फ्रेमला लागलेला वेळ. ६० एफपीएस म्हणजे फ्रेममागे १६.६७ मिलिसेकंद, १४४ एफपीएस म्हणजे ६.९४. २०११ साली ‘द टेक रिपोर्ट’मध्ये स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून फ्रेमगणिक वेळ मांडायला सुरुवात केली आणि तेव्हापासून कार्ड तपासायची रीत बदलली. खेळणाऱ्याला जे ‘लॅग मारतंय’ असं वाटतं, ते सरासरीत दिसत नाही, फ्रेमच्या वेळेत दिसतं.

उदाहरण करून बघू. एक मिनिटाची फेरी, गेम ६०वर स्थिर, पण मध्ये दहा वेळा २०० मिलिसेकंद अडकला. ते अडकणं मिळून २ सेकंद. उरलेल्या ५८ सेकंदांत ३,४८० फ्रेम, अडकलेल्या १० धरून ३,४९०. सरासरी ५८.२. आकडा पाहून कुणीही म्हणेल, छान चाललंय. प्रत्यक्षात मिनिटात दहा झटके बसलेला खेळाडू माउस आपटतोय.

म्हणून ‘१ टक्का लो’ हा दुसरा आकडा लागतो. आणि इथे खाचखळगा आहे. हा आकडा काढायच्या दोन पद्धती चालतात. पहिल्या पद्धतीत सगळ्यांत संथ १ टक्का फ्रेम घेऊन त्यांच्या वेळेची सरासरी काढतात. आपल्या उदाहरणात संथ ३५ फ्रेम, त्यातल्या १० अडकलेल्या आणि २५ नेहमीच्या. सरासरी वेळ ६९ मिलिसेकंद, म्हणजे साडेचौदा एफपीएस. दुसऱ्या पद्धतीत फ्रेम वेळेनुसार रांगेत लावून ९९ टक्क्यांच्या जागेवरची एकच फ्रेम उचलतात. ती नेहमीचीच निघते, म्हणजे ६० एफपीएस. एकाच फेरीला एक प्रोग्रॅम १४ म्हणेल, दुसरा ६०, आणि दोघेही त्याला ‘१ टक्का लो’च म्हणतील.

यावरून माझा सगळ्यांत पक्का निर्णय झाला. लोकांकडून तयार आकडे घ्यायचेच नाहीत. फ्रेमगणिक वेळेची कच्ची फाइल घ्यायची आणि सरासरी, १ टक्का लो, सगळं आपल्या बाजूला एकाच पद्धतीनं काढायचं. मी पहिली पद्धत धरली, कारण झटके त्यात लपत नाहीत. तुम्ही कोणतीही धरा, पण ती पानावर लिहा आणि मध्येच बदलू नका.

कच्ची फाइल मिळवणं अवघड नाही. इंटेलनं मोफत आणि खुला ठेवलेला प्रेझेंटमॉन हा प्रोग्रॅम विंडोजच्या स्वतःच्या घटना-नोंदीतून फ्रेमचा वेळ टिपतो, गेमच्या आत शिरत नाही. ज्या गेममध्ये फसवेगिरी पकडणारा पहारेकरी प्रोग्रॅम बसवलेला असतो, तिथे हे महत्त्वाचं आहे. पोराचं खातं आपल्यामुळे बंद पडायला नको. ज्यांना काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची भीती वाटते त्यांना कॅपफ्रेमएक्स द्या, तो आतून प्रेझेंटमॉनच वापरतो. लिनक्सवाल्यांसाठी मँगोहड आहे.

कोणता गेम, त्यातला कोणता तुकडा

मोह असा होतो की पन्नास गेम घ्यावेत. तीन घ्या. तीन गेममधल्या चाळीस-चाळीस नोंदी कामाच्या, पन्नास गेममधल्या दोन-दोन कुणाच्याच कामाच्या नाहीत.

निवडताना स्वतःची चाचणी असलेला गेम आधी बघा. जीटीए ५, सायबरपंक २०७७, फोर्झा होरायझन ५ यांच्यात बेंचमार्क आतच आहे. बटण दाबलं की तोच रस्ता, त्याच गाड्या. प्रत्येकाच्या घरी फेरी जवळपास सारखी होते. जीटीए ५च्या चाचणीत पाच दृश्यं आहेत आणि शेवटचं सगळ्यांत लांब आणि दमवणारं. फ्रेमच्या वेळा कोणत्या दृश्यापासून टिपायच्या हे ठरवून लिहून द्या. मी फक्त शेवटचं दृश्य घेतो.

व्हॅलोरंटची गोष्ट वेगळी. आमच्या सेक्टरमधली निम्मी पोरं तोच खेळतात, पण त्यात अशी तयार चाचणी नाही. खऱ्या मॅचमध्ये मोजलं तर प्रत्येक फेरी वेगळी. म्हणून सरावाच्या मैदानात ठरलेली वाट आखायची: इथून निघा, या भिंतीपर्यंत चाला, वळा, इतक्या गोळ्या झाडा, परत या. मी ही वाट माझ्या भाच्याकडून आखून घेतली आणि त्याच्या दोन मित्रांना नुसत्या लिहिलेल्या सूचना देऊन चालायला लावलं. पहिल्या दिवशी दोघंही वेगवेगळ्या भिंतीपाशी थांबले. मग सूचना पुन्हा लिहिल्या. अनोळखी माणसाला न विचारता जमेल इतकी वाट सोपी होईपर्यंत हे करत राहा. हे मैदान खऱ्या मॅचपेक्षा हलकं असतं, तेव्हा आकड्याशेजारी ‘सराव मैदान’ असं ठळक लिहायला विसरू नका.

गेम बदलतात हेही आराखड्यात हवं. सप्टेंबर २०२३मध्ये काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्हच्या जागी काउंटर-स्ट्राइक २ आला आणि जुने आकडे एका दिवसात इतिहासजमा झाले. त्याच महिन्यात सायबरपंकची २.० आवृत्ती आली, तिच्यासोबत कंपनीनं किमान गरजा वाढवल्या आणि हार्डडिस्कला पाठिंबा देणं थांबवलं. प्रत्येक नोंदीला गेमची आवृत्ती जोडा आणि मोठा बदल आला की नवी रांग सुरू करा. जुनी पुसू नका, वेगळी दाखवा.

सेटिंगचे संच

लोकांना मोकळं सोडलं तर सावल्या मीडियम, पाणी हाय, झाडं लो अशा हजार जुळण्या येतील. प्रत्येक गेमला दोन-तीनच संच ठरवा. माझे असे: १९२० × १०८०वर गेमचाच ‘लो’ संच आणि ‘हाय’ संच. जुन्या लॅपटॉपसाठी १३६६ × ७६८वर लो हा तिसरा, कारण त्या स्क्रीनचे लॅपटॉप माझ्या टेबलावर अजून रोज येतात.

व्ही-सिंक (गेमचा वेग स्क्रीनच्या वेगाला बांधणारी सोय) बंद हवं, नाहीतर ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या स्क्रीनवर सगळी कार्डं ६०लाच टेकतील. डीएलएसएस, एफएसआर, एक्सईएसएस यांतलं काही चालू असेल तर गेम आतून लहान चित्र काढून मोठं करतो, म्हणून ती नोंद वेगळ्या रकान्यात. फ्रेम जनरेशन तर पूर्ण वेगळं. त्यात मधल्या फ्रेम गेम काढत नाही, कार्ड रचून घालतं. आकडा वाढतो, पण बटण दाबल्यापासून पडद्यावरचा हात हलायचा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही. या दोन जाती मिसळल्या तर आख्ख्या तुलनेतला अर्थच निघून जातो.

फेरी कशी घ्यायची

ही पद्धत वेबसाइटवर एका पानात मावली पाहिजे, मोठ्या अक्षरात, शक्यतो चित्रांसह.

चार्जर लावा. ब्राउझर, डाउनलोड, व्हायरस-तपासणी बंद करा. दहा मिनिटं गेम नुसता खेळा. याची दोन कारणं आहेत. इंटेलचे प्रोसेसर सुरुवातीचा थोडा वेळ जास्त वीज ओढून पळतात आणि मग मर्यादेवर येतात. पहिल्या अर्ध्या मिनिटाचा आकडा घेतला तर लॅपटॉप खोटा तरणाबांड दिसतो. दुसरं कारण शेडरचं, म्हणजे प्रकाश-सावल्या रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं. ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाकला की ते पुन्हा तयार व्हावे लागतात आणि पहिल्या फेरीत झटके बसतात.

मग एका मिनिटाच्या तीन फेऱ्या. तिन्ही फाइल चढवा, त्यातला मधला आकडा नोंद म्हणून धरला जाईल. सरासरी धरू नका, कारण एखाद्या फेरीत अचानक अपडेट सुरू झालं तर ती एक फेरी सरासरीला खाली ओढते, मधल्या आकड्याला नाही. तीन फेऱ्यांत ५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर वेबसाइटनंच सांगावं: कृपया पुन्हा घ्या.

डेटा कुठे आणि कसा

सुरुवातीला एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरतो, एका फाइलमध्ये सगळं मावतं. गर्दी वाढली तर पोस्टग्रेएसक्यूएल हा मोठा डेटाबेस. तक्ते मी पाच ठेवले: मशीन, सुटे भाग, गेमच्या आवृत्त्या, सेटिंगचे संच आणि फेऱ्या. फेरीच्या ओळीत बाकी चौघांचा फक्त क्रमांक असतो.

सुट्या भागांची नावं लोकांना टाइप करू देऊ नका. ‘३०६०’, ‘आरटीएक्स३०६०’, ‘एनव्हीडिया ३०६० लॅपटॉप’ अशी एकाच कार्डाची सात रूपं आठवडाभरात जमा होतात. यादीतून निवडायला लावा. त्याहून बरं म्हणजे विंडोज कार्डाचा जो ओळख-क्रमांक देतं तो वापरा. त्यात कंपनीचा क्रमांक असतो, इंटेलचा ८०८६, एएमडीचा १००२, आणि पुढे कार्डाचा. लॅपटॉपचं कार्ड आणि डेस्कटॉपचं कार्ड इथे वेगळं पडतं. वॅट मात्र यातून कळत नाहीत, ते विचारावेच लागतात.

जागेची चिंता नको. १४४ एफपीएसनं एक मिनिट म्हणजे ८,६४० फ्रेम, प्रत्येकीला ४ बाइट धरले तर ३५ हजार बाइटसुद्धा नाहीत. दहा हजार फेऱ्या ३५० एमबीच्या आत बसतात. म्हणून कच्चा डेटा कधीही टाकू नका. उद्या हिशेबात चूक सापडली तर सगळं पुन्हा मोजता येईल.

आकडे साठवताना साध्या संख्या म्हणून साठवा आणि मराठी अंक फक्त दाखवताना करा. ब्राउझरमध्ये भाषेचा संकेत मराठी दिला की अंक आपोआप देवनागरीत आणि लाख-हजाराच्या पद्धतीनं छापले जातात. अंक मजकूर म्हणून साठवले तर क्रम लावताना १०० हा ६०च्या आधी येतो. माझ्या पहिल्या नमुन्यात नेमकं हेच झालं आणि सगळ्यांत तगडं मशीन तळाला गेलं होतं.

चुकलेल्या नोंदी

मुद्दाम खोटं लिहिणारे थोडे, चुकून लिहिणारे पुष्कळ. दोघांसाठी चाळणी एकच. एकाच कार्ड-प्रोसेसर-संचाच्या बाकीच्या नोंदींपासून फार लांब पडलेली नोंद आपोआप बाजूला काढा आणि माणसानं डोळ्यांखालून घालावी. पुसू नका. ती बऱ्याचदा खरी निघते आणि आपल्याला नवा रकाना शिकवते. चार्जरच्या वॅटचा रकाना मला अशाच एका नोंदीनं दिला.

पाचपेक्षा कमी नोंदी असतील तर निकाल दाखवा, पण ‘नोंदी कमी’ असं त्याच ओळीत लिहा. एका मशीनवरून दहा वेळा चढवलेलं एकच धरा. आणि विक्रेत्यानं दिलेल्या नोंदीवर तशी खूण करा. मी स्वतः विक्रेता आहे. माझ्या दुकानातून आलेल्या प्रत्येक नोंदीवर ती खूण असेल, आणि वेबसाइटवर दुकानाचं नाव किंवा खरेदीची लिंक कुठेही नसेल. जो मोजतो त्यानं त्याच काट्यावर माल विकू नये, हे वडिलांचं म्हणणं मी इथे अक्षरशः पाळणार आहे.

पानं

आता पानं. बघणारा फोनवर असेल, ठाणे-वाशी लोकलमध्ये उभा, एका हातानं दांडी धरून. म्हणून पहिल्या पानावर दोनच चौकटी: तुमचं मशीन आणि गेम. शोधताना ‘जीटीएक्स’, ‘जिटीएक्स’, इंग्रजी अक्षरं, मराठी आकडे, काहीही टाकलं तरी सापडायला हवं. त्यासाठी पर्यायी नावांचा छोटा तक्ता हातानं भरा.

निकालाच्या पानावर आधी वाक्य, मग आकडे. ‘६० हर्ट्झच्या स्क्रीनवर लो सेटिंगला आरामात चालेल, हायला अडखळेल.’ त्या ड्रायव्हरकाकांना हे वाक्य हवं होतं, आलेख नको होता. त्याखाली सरासरी, १ टक्का लो, नोंदींची संख्या आणि सगळ्यांत कमी-जास्त यांचा पट्टा.

तुलनेच्या पानाला नकार देता आला पाहिजे. दोन मशीनच्या नोंदी वेगळ्या संचाच्या असतील तर पट्ट्या शेजारी-शेजारी काढूच नका. ‘या दोघांची एकाच सेटिंगवरची नोंद नाही’ एवढं लिहा. आणि फरक नोंदींच्या आपल्याच चढ-उतारापेक्षा लहान असेल तर ‘जवळपास सारखेच’ असं लिहा. ६३ आणि ६५ यांच्यासाठी कुणी वडिलांकडून पाच हजार जास्त मागू नयेत. पट्टी नेहमी शून्यापासून सुरू करा. पन्नासपासून सुरू केली तर हाच फरक डोंगराएवढा दिसतो.

मुलांची माहिती

नोंदी देणारे बहुतेक अठराच्या आतले. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक धरली जाते, तिची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि तिच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. मी वेगळा मार्ग घेतला. नाव, फोन, ईमेल काहीच घ्यायचं नाही. नोंद चढवली की एक सांकेतिक क्रमांक मिळेल, तो जपून ठेवला तर आपली नोंद दुरुस्त करता किंवा काढता येईल.

तरी माहिती मागच्या दारानं येते. डीएक्सडायग या विंडोजच्या, मशीनची माहिती देणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये मशीनचं नाव असतं आणि लोक मशीनला स्वतःचं नाव देतात. फोल्डरच्या पत्त्यात विंडोजचं खातं दिसतं, तिथे आडनावासकट सगळं असतं. म्हणून फाइल चढताक्षणी त्यातून फक्त लागणारे रकाने उचला आणि मूळ फाइल फेकून द्या. कच्चा डेटा जपायचा म्हणजे फ्रेमच्या वेळा जपायच्या, बाकी काही नाही.

सुरुवात वहीपासून

प्रोग्रॅमिंगला हात लावायच्या आधी दोनशे पानी वही घ्या आणि वरचे सगळे रकाने आडव्या ओळीत आखा. मी दोन रविवारी भाच्याला सोबत घेऊन इमारतीतल्या आणि ओळखीतल्या बारा मशीनवर फेऱ्या घेतल्या. चार घरांत चहा झाला, एका घरी आजींनी ‘एवढं काय बघताय त्यात’ म्हणून शेजारी खुर्ची ओढली आणि तिन्ही फेऱ्या पूर्ण पाहिल्या. बारा ओळी भरेपर्यंत पाच रकाने वाढले, तीन खोडले गेले. कोणता प्रश्न लोकांना कळत नाही, कोणतं उत्तर मशीनवर शोधायला वेळ लागतो, हे सगळं त्या दोन दिवसांत समजलं. मग तीच वही समोर ठेवून तक्ते बनवले आणि फॉर्ममधले प्रश्न त्याच क्रमानं लावले.

वही भरताना ग्राफिक्स ड्रायव्हरचा क्रमांक फेरीच्या आधीच लिहून घ्या. आठव्या मशीनवर आम्ही नंतर लिहू म्हणालो, मधल्या वेळेत विंडोजनं ड्रायव्हर बदलला आणि त्या तिन्ही फेऱ्या पुन्हा घ्याव्या लागल्या.